सोंगाचे पेशंट

११ जुलै २०२४

नोकरीचा चौथा दिवस. टेबलाला एक खण आहे, पण त्याला कुलूप नाही. दयारामकडे किल्ली मागितली, तर तो म्हणाला की इथं कुणाच्याच खणाला कुलूप नाही. सगळ्यांचे खण याला कसे माहीत, हा प्रश्न मी मनात ठेवला. दयाराम इथला परिचर, कंत्राटी, माझ्यासारखाच. ही वही मी पिशवीतच ठेवणार आहे.

‘मी स्ट्रिंग थिअरीत संशोधन करतो’ असं सांगायची सवय अजून सुटलेली नाही. खरं तर ते बंद होऊन दीड वर्ष झालं. विश्वाला दहा मिती आहेत असं धरलं, तर त्यातल्या न दिसणाऱ्या सहा मिती किती तऱ्हांनी गुंडाळलेल्या असू शकतील, याची मोजदाद मी अकरा वर्षं केली. दोन देशांत तीन नोकऱ्या झाल्या, चौथी मिळाली नाही. मिळाली नाही म्हणजे मिळू दिली नाही, पण ते लिहीत बसलो तर ही वही पुरायची नाही. शेवटी ताईनं बुलढाण्याला परत बोलावून घेतलं. शैलजाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. इथल्या मेडिकल कॉलेजात ती मेडिकल एज्युकेशन युनिट सांभाळते, म्हणजे डॉक्टर होणाऱ्या मुलांना नीट कसं शिकवावं यावर संशोधन करते. तिला आकडेमोड करणारा माणूस हवा होता. राहायला जांभरून रोडला खोली घेतली आहे, संध्याकाळचं जेवण ताईकडे.

तिचा प्रयोग असा. दुसऱ्या वर्षाच्या शंभर मुलांचे दोन गट. ए गट नेहमीसारखा वर्गात आणि वॉर्डात शिकेल. बी गट त्याखेरीज दर आठवड्याला गावातल्या सात माणसांवर सराव करेल. ही माणसं आजारी नसतात. त्यांना आजार पाठ करून दिलेला असतो: कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, विचारलं तर काय सांगायचं आणि विचारल्याशिवाय काय सांगायचं नाही. त्यांना परदेशात भारदस्त नाव आहे. दयाराम त्यांना सोंगाचे पेशंट म्हणतो, आणि आता ताईही तेच म्हणते. जानेवारीत दोन्ही गटांची एकच परीक्षा, मग कुणाला जास्त येतं ते पाहायचं. यासाठी ताई तीन वर्षं परवानग्या गोळा करते आहे. पेपर वेळेत छापून आला तर तिची प्रोफेसरकी यंदा होईल. नाही आला तर कधी होईल ते सांगता येत नाही.

आज मी पगाराचं सार्थक केलं. परीक्षेसाठी साखरखेर्ड्याहून नवी सात माणसं आणायचा तिचा बेत होता. तोवर ओळखी होतात वगैरे काहीतरी तिचं म्हणणं होतं. मी सांगितलं, मोजताना मध्येच यंत्र बदललं तर मोजमापाला अर्थ राहत नाही. सरावाला जे सात तेच परीक्षेला. ती बरं म्हणाली. इतक्या लवकर बरं म्हणाली याचं नवल वाटलं.

८ ऑगस्ट

सोंगाच्या पेशंटांची तालीम सुरू आहे. कलाबाई देऊळघाटच्या, घरची मेथी आणि वांगी विकतात. त्यांना अपेंडिक्सची पोटदुखी दिली आहे. हिंमतराव त्याच गावचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. त्यांना छातीत दुखतं. कलाबाईंना ‘विचारल्याशिवाय सांगायचं नाही’ हा नियम पटत नाही. ताईनं तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्यांनी मान डोलावली, पण ती पटल्याची नव्हती, कंटाळल्याची होती.

हिंमतरावांनी चहाच्या वेळी मला विचारलं की तुमी कायचे डॉक्टर. मी फिजिक्सचा म्हणालो आणि सहा गुंडाळलेल्या मितींबद्दल जमेल तसं सांगितलं. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

“मंग त्या सहा कोनी पाह्यल्या काय?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नाही, आणि आपल्या हयातीत कुणी पाहील असंही नाही.

“मंग खोटं कोन पकडन?”

अकरा वर्षांत एकाही सेमिनारमध्ये कुणी मला इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणालो, आपणच आपल्याला पकडायचं. ते हसले. कंडक्टर माणूस, बिनतिकीट लोक किती स्वतःहून पुढे येतात हे त्याला माहीत असणार.

१९ सप्टेंबर

आज फार वाईट दिवस. सकाळी सवयीनं अर्काइव्ह, म्हणजे फिजिक्सचे नवे पेपर रोज येतात ती वेबसाइट, उघडलं आणि पहिल्याच पानावर माझी कल्पना दिसली. दुसऱ्याच्या नावावर. तिकडचा माझा जुना सहकारी. गुंडाळलेल्या मितींची तीच मोजदाद, मी सेमिनारमध्ये फळ्यावर मांडली होती तशीच, फक्त शेवटपर्यंत नेलेली.

दोन वर्षांपूर्वी त्यानं मेल करून विचारलं होतं, आपण दोघं मिळून हे पूर्ण करू या का. मला तेव्हाच वास आला होता. माझ्या मनातलं काढून घ्यायचा डाव असणार, म्हणून मी उत्तर दिलं नाही. त्यानं पुन्हा दोनदा लिहिलं. तिसरा मेल तर मी उघडलाही नाही. आता बघा. पेपरच्या शेवटी माझं नाव घेऊन आभार मानले आहेत. मन खात असल्याशिवाय कुणी आभार मानत नाही.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, त्याला एक मेल तर कर. तिला ही दुनिया माहीत नाही.

४ डिसेंबर

बी गटाचा सराव पाहायला बसलो. कलाबाई आता चांगल्या कण्हतात. सराव संपला की मुलं त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसतात. अपेक्षा नावाची एक मुलगी आहे, हुशार पण घाबरट. परीक्षा म्हटलं की तिचे हात गार पडतात. कलाबाई तिचे हात स्वतःच्या हातात घेऊन चोळत होत्या. बी गटाला त्या ‘माह्ये पोट्टे’ म्हणतात. होस्टेलवर मेथीच्या जुड्या पाठवतात, पैसे घेत नाहीत. फुकट भाजी कोण देतं? होस्टेलच्या मेसला भाजी पुरवायचं काम मिळवायचं असणार. मी दयारामला तसं म्हणालो, तर तो पाठ फिरवून खुर्च्या लावायला लागला.

२१ जानेवारी २०२५

काल आणि आज परीक्षा झाली. एकूण दहा स्टेशनं: सात ठिकाणी सोंगाचे पेशंट, तीन ठिकाणी प्लास्टिकचे पुतळे. प्रत्येक स्टेशनला सात मिनिटं, मग दयाराम घंटा वाजवतो आणि मुलं पुढे सरकतात. पुतळ्यांचे गुण मशीनच देतं. पेशंटांच्या स्टेशनवर परीक्षक बसवायला शिक्षकच पुरले नाहीत, म्हणून मूल बाहेर गेलं की पेशंटनंच यादीवर पेन्सिलनं खुणा करायच्या: हे विचारलं, हे नाही विचारलं. परदेशातही असंच करतात. शिवाय प्रत्येक खोलीत कॅमेरा आहे. ते चित्रण ताईच्या कपाटात कुलपात राहील, कारण मुलांना तसा शब्द दिला आहे की तक्रार झाल्याशिवाय कुणी पाहणार नाही.

कुलूप असलेलं कपाट या इमारतीत आहे म्हणायचं.

२८ जानेवारी

आकडे आले. वीसपैकी ए गट सरासरी ११.०८. बी गट १६.४२.

ताईचा चेहरा असा फुलला की मला ती दहावीच्या निकालाच्या दिवशीची आठवली. तिनं पेढे आणले. मी एक खाल्ला आणि पुन्हा आकड्यांकडे वळलो.

माझ्या धंद्यात उत्तर सुंदर आलं की लोक त्यावर विश्वास ठेवतात. मीही ठेवायचो. आता सुंदर उत्तर दिसलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. बी गटात एकही मूल चौदाच्या खाली नाही. पन्नास मुलं, पन्नास डोकी, आणि फैलाव एकाहूनही कमी. अपेक्षाला सतरा. हात गार पडणाऱ्या मुलीला सतरा.

३१ जानेवारी

अजून खोलात गेलो. पुतळ्यांच्या तीन स्टेशनांवर दोन्ही गट अगदी बरोबरीत. फरक आहे तो फक्त सात पेशंटांच्या स्टेशनांवर.

याचा अर्थ उघड आहे. पुतळ्यांचे गुण मशीन देतं, ते कुणाला बदलता येत नाहीत. पेशंटांचे गुण कागदावर आहेत, ते बदलता येतात. किंवा प्रश्न आधीच फुटले असतील. कुठेतरी पाणी मुरतं आहे.

दुपारी गेटपाशी दयारामनं अपेक्षाला एक जाडजूड पिशवी दिली. तिनं ती छातीशी धरली आणि ओशाळून इकडेतिकडे पाहिलं. वरून मेथी दिसत होती. खाली काय होतं ते दिसलं नाही.

४ फेब्रुवारी

मूळ याद्या मागून घेतल्या. बी गटाच्या याद्यांवर पेन्सिलच्या खुणांवरून निळ्या पेननं फिरवलं आहे. पेन ताईचं आहे. असं पेन इथं दुसऱ्या कुणाकडे नाही, मीच तिला बाहेरून आणून दिलं होतं. ए गटाच्या याद्या मात्र नुसत्या पेन्सिलच्या.

बोलता बोलता मी सहज विचारल्यासारखं केलं, की पेन्सिल पुसत नाही ना. ती म्हणाली, बी गटाचा गठ्ठा ओल्या टेबलावर ठेवला गेला होता, खुणा पुसट व्हायला लागल्या म्हणून तिनं लगेच गिरवून घेतल्या. तिनं ते मी न विचारताच सांगितलं. न विचारता कारण देणारा माणूस तयारीनं आलेला असतो.

निळ्याखालची पेन्सिल भिंगातून दिसते. दोन्ही जुळतात. पण पेन्सिल काय, कुणीही फिरवू शकतं.

७ फेब्रुवारी

झोप नीट लागत नाही. हे काय मी कुणा परक्याबद्दल लिहीत नाही आहे. बाबा गेले तेव्हा ताईनं स्वतःचं पीजी दोन वर्षं मागे टाकलं, म्हणून मी एमएस्सीला जाऊ शकलो. त्याबद्दल ती कधी एक अक्षर बोललेली नाही. आज तिच्याकडे जेवायला गेलो तर तिनं वांग्याची भाजी केली होती, खास माझ्यासाठी. मी अर्धी ताटातच टाकून उठलो.

तिला सरळ विचारावं असं दोनदा ओठांवर आलं. पण विचारलं आणि ती खोटं बोलली तर? आणि खरं बोलली तर ते खरं आहे हे मला कसं कळणार? विचारून काही सिद्ध होत नाही.

पुढच्या महिन्यात नागपूरला परिषदेत हा पेपर वाचायचा आहे. त्यावर माझंही नाव आहे. माझ्या नावावर खोटे आकडे मी जाऊ देणार नाही. माझ्याजवळ तेवढं एकच उरलं आहे.

१० फेब्रुवारी

काम केलं. डीनच्या नावे निनावी अर्ज. बसस्थानकासमोरच्या दुकानात टाइप करून घेतला आणि एसटीनं चिखलीला जाऊन तिथल्या पेटीत टाकला, म्हणजे शिक्का बुलढाण्याचा पडायला नको. नाव कुणाचंच घेतलेलं नाही. गुण बदलल्याचा किंवा प्रश्न फुटल्याचा संशय, कंत्राटी कर्मचाऱ्याचं विद्यार्थिनीशी देणंघेणं, याद्यांवर दुबार शाई, सगळं मुद्देसूद मांडलं. सरासरी १६.४२ आणि फैलाव ०.९७ हेही घातलं, म्हणजे कुणी गंमत म्हणून बाजूला टाकणार नाही. खाली ‘एक हितचिंतक’.

परत येताना बरं वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं.

१८ फेब्रुवारी

चौकशी समिती नेमली. पेपर थांबवला. दयारामला निकाल लागेपर्यंत घरी बसायला सांगितलं. त्यानं घंटा पुसून कपाटात ठेवली आणि किल्ल्या टेबलावर मांडल्या. माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, तुमच्या खणासाठी कुलूप मागून ठेवलं होतं म्या. भेटलं की घ्या.”

तो हे का म्हणाला याचा मी दुपारभर विचार केला.

ताई शांत आहे. जेवताना तिनं नेहमीसारखं वाढलं. पत्राबद्दल काहीच बोलली नाही. निर्दोष माणूस चिडतो, आरडाओरडा करतो. ती गप्प आहे, हे मला खुपतं.

समितीनं चित्रण पाहायचं ठरवलं आहे. शंभराहून जास्त तास कोण पाहणार? आकड्यांचा माणूस म्हणून ते माझ्याकडे आलं. ताईनं कपाटाची किल्ली स्वतःहून माझ्या हातात दिली.

२४ फेब्रुवारी

पाच दिवस चित्रण पाहतो आहे. कलाबाईंच्या स्टेशनपासून सुरुवात केली. ए गटाचा पहिला मुलगा. कलाबाई पलंगावर, पोट धरून. तो विचारतो, त्या सांगतात. तो उलटीचं विचारत नाही, त्या सांगत नाहीत. सात मिनिटं, घंटा, नऊ गुण. सगळं नियमाप्रमाणे. असे पन्नास भराभर पुढे पळवत पाहिले.

मग बी गट. अपेक्षा आत आली. नाव विचारलं, कुठे दुखतं विचारलं, आणि मग तिची वाचाच बसली. कलाबाईंनी दाराकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. मग उठून बसल्या.

“उल्टीचं इचार ना मले,” त्या म्हणाल्या. “अन हात इकडं ठेव, या बाजूले. दाबून सोडलं का मले जास्त दुखते. तुले येते हे, मांगच्या मंगळवारी केलं होतं तू.”

आणि पुन्हा आडव्या होऊन कण्हायला लागल्या. अपेक्षा गेल्यावर चष्मा लावून त्यांनी यादीवर सगळीकडे खुणा केल्या. तिनं विचारलंच होतं की.

मी चित्रण थांबवलं, मागे नेलं, पुन्हा पाहिलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. दर मुलाला. कुणी उलटी विसरला तर त्या उमासा काढतात. कुणी ताप विसरला तर त्याचा हात उचलून आपल्या कपाळावर ठेवतात.

मग हिंमतरावांचं स्टेशन काढलं. बी गटातलं पोर डाव्या हाताचं विचारायला विसरलं की हिंमतराव डावा हात चोळायला घेतात. तरीही लक्षात आलं नाही, तर चोळता चोळता ‘हाव रे बाप्पा, हा हात’ म्हणतात. बाकीच्या स्टेशनांचे तुकडे पाहिले; सातही खोल्यांत कमीजास्त हेच.

गुण कुणीही बदललेले नाहीत. प्रश्न फुटलेले नाहीत. ताईनं फक्त पुसट खुणा गिरवल्या होत्या. मी एकटा त्या खोलीत बसून हसलो आणि मग हसू आलं तसं गेलं.

२७ फेब्रुवारी

देऊळघाटला जाऊन कलाबाईंना भेटलो. त्या वांगी तोडत होत्या. मी सांगितलं की तुम्ही मुलांना मदत केली, ते नियमात नव्हतं. त्यांनी नाकारलं नाही. लपवण्यासारखं काही केलं आहे असंच त्यांना वाटत नव्हतं.

“पोट्टी रडकुंडीले आली होती. म्या पाहत पडू काय?” त्या म्हणाल्या. “अन साहेब, माह्यं पोट खरंच दुखत असतं, तं म्या डॉक्टरले सारं सांगतलंच असतं ना. दुखनं दडवून ठेवाले कोनी दवाखान्यात येते काय?”

मग ए गटाच्या मुलांना का नाही सांगितलं, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्याइले मी वळखत नाही. अनोळखी माणसाजवळ बाई कायले पोट उघडं करून बोलन. हे त्यांनी इतकं सहज सांगितलं, जणू प्रत्येकाला हे माहीत असतं.

मेथीचंही विचारलं. अपेक्षाला होस्टेलचं जेवण बाधतं, म्हणून दयारामच्या हाती भाजी आणि भाकरी पाठवत होत्या. पिशवीत खाली भाकरी होत्या.

निघताना त्यांनी विचारलं की दयारामले कामावरून काढलं म्हनते, ते काऊन. मी म्हणालो, येईल परत. त्यांनी मला वांगी बांधून दिली. मी घेतली.

२८ फेब्रुवारी

आता अहवालात लिहायचं की चूक कुठे झाली. मुलांना ओळखणारी माणसंच परीक्षेला बसवली, तिथे झाली. म्हणजे बी गट जास्त शिकला की नाही हे या आकड्यांवरून कळूच शकत नाही. तीन वर्षं पाण्यात.

ही रचना कुणी ठरवली, तारीख हवी म्हणून ही वही मागे चाळली. अकरा जुलै. अक्षर माझं. ‘आज मी पगाराचं सार्थक केलं.’

मी ते पान चारदा वाचलं. ताईनं काय म्हटलं होतं तेही तिथेच आहे, मीच लिहिलेलं, ‘वगैरे’ लावून. माझी मला इतकी लाज वाटली की खोलीत एकटा असूनही मी वही मिटून ठेवली.

५ मार्च

समितीची बैठक. मी चित्रणातले तुकडे दाखवले. कलाबाईंचा उमासा पाहून समितीतल्या एका बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. कुणीही लबाडी केलेली नाही असं ठरलं. दयाराम सोमवारपासून कामावर. पेपर मागे घ्यायचा, परिषदेला कळवायचं.

मग डीननी विचारलं, सरावाचीच माणसं परीक्षेला घ्यायची, हा निर्णय कुणाचा? माझ्या पिशवीत ही वही होती. माझं तोंड उघडलं होतं असं मला वाटतं, पण त्याआधी ताई बोलली. रचना माझी होती, ती म्हणाली, चूक माझी. डीननी ते लिहून घेतलं. प्रोफेसरपदासाठी तिचं नाव यंदा पाठवता येणार नाही असं त्यांनी जरा खालच्या आवाजात सांगितलं. ती बरं म्हणाली.

मी गप्प बसलो. हे लिहिलं पाहिजे: मी गप्प बसलो.

आणि आणखी एक लिहायला हवं. ती असं का म्हणाली, हा विचार मी बसस्थानकापर्यंत करत होतो. जबाबदारी अंगावर घेणारा माणूस सगळ्यांच्या नजरेत मोठा होतो. डीन किती आदरानं पाहत होते. यातून तिला काय साधायचं असेल?

६ मार्च

ताईकडे गेलो. ती भाकरी थापत होती. मी दारातच सांगून टाकलं की ते पत्र मी लिहिलं होतं.

“माहीत आहे मले,” ती म्हणाली. तिनं थापणं थांबवलं नाही. “सोळा पॉइंट बेचाळीस हा आकडा दोघांनाच माहीत होता, कांत. तुले आणि मले. मी तर लिहिलं नव्हतं.”

म्हणजे अठरा फेब्रुवारीपासून तिला माहीत होतं. त्यानंतर सोळा संध्याकाळी तिनं मला वाढलं. कपाटाची किल्ली हातात दिली.

मी विचारलं, मग काल तू माझं नाव का घेतलं नाहीस. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि मग माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे, ते मला तेव्हा दिसलं.

“घेतलं असतं तर तू म्हटलं असतं, ताई सूड घेऊन राह्यली. नाही घेतलं, तर म्हणत असशील, हिचा काहीतरी डाव आहे. तुले कोणत्या बाजूनं खरं सांगावं ते मले समजतच नाही रे आता.”

मी दारातून आत आलो.

“एकदा विचारायचं होतं मले,” ती म्हणाली. “काऊन नाही विचारलं?”

भाकरी करपल्याचा वास आला, तशी ती तव्याकडे वळली. मला रडू आलं. तिनं पाहिलं की नाही माहीत नाही. ताट वाढलं, मी जेवलो.

७ मार्च

सकाळी डीनच्या कचेरीत गेलो आणि त्या अर्जाची फाइल मागितली. तिथल्या बाबूंनी काढून दिली. निकाल लागलेल्या अर्जाचं आता काय करता सर, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, एक सही राहिली आहे.

‘एक हितचिंतक’ वर रेघ मारली आणि त्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं की तीच माणसं परीक्षेला घ्यायचा निर्णय अकरा जुलैला मी घ्यायला लावला, डॉ. शैलजा यांचं मत त्याविरुद्ध होतं, आणि माझ्याजवळ त्याची नोंद आहे. समितीनं निर्णय पुन्हा पाहावा. एवढं लिहून झालं, सही तेवढी उरली.

आणि हात थांबला. मनात आलं, काल ताई जे बोलली ते मी इथे येऊन नेमकं हेच लिहावं म्हणूनच तर बोलली नसेल? तिच्या नावावरची चूक पुसली जाईल, पद परत मिळेल. भाकरी करपेपर्यंत तिनं मुद्दाम तर वाट पाहिली नसेल?

किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. बाबूंनी मान वर करून विचारलं, पेन चालत नाही काय सर.

चालतं म्हणालो, आणि सही केली.